दुसऱ्याने ताणून बघायचं

बोरिवली (पूर्व),
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय हेमांगी,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच फळीवर टाकलं नसशील, असं धरून लिहायला घेतोय. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना आई कुरकुरते. मानसीची शाळा दिवाळीनंतर आज सुरू झाली, त्यामुळे मुलांना द्यायचा ओरडा तिने सकाळी माझ्यावर वापरून बघितला. मी अजून अंधेरीच्या त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीवर आहे. खुर्चीचं एक चाक गेलंय, तीन वर्षांत तेवढाच बदल.

काल वेसाव्याला आलो होतो. बाजारात तुझी आई भेटली. अंजनाकाकींनी मला लांबूनच ओळखलं, सुरमई कापून दिली आणि पैसे काही घेतले नाहीत. तब्येत छान वाटली. यंदा बोंबील बरे आहेत, वाळत घातलेत म्हणाल्या. बाकी विशेष काही बोलणं झालं नाही.

तू म्हणशील, आजच्या दिवसांत पत्र कसलं लिहितोस? तर तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही, काकींकडे मागायला तोंड झालं नाही, आणि मेल करायचा तर... असो. कागद बरा. पोचला नाही तर पोस्टाला नावं ठेवता येतात.

आता मुद्द्याचं. 'वल्हं' अजून चालू आहे. तू नाव ठेवलंस तेव्हा आपण हसलो होतो, की एवढ्याशा प्रोग्रॅमला कसलं एवढं नाव. आता कणकवलीचं साप्ताहिक त्यावर निघतं. दोन जिल्हा ग्रंथालयं, सात-आठ पतपेढ्या, लहान मुलांचं एक मासिक, शिवाय आजोबांचं टाइप केलेलं आत्मचरित्र उघडत नाही म्हणून रडवेली झालेली नातवंडं. परवा एका फॉर्ममध्ये 'तुमचं काम थोडक्यात सांगा' असं होतं. मी लिहिलं: 'जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर आजच्या संगणकावर उघडला की त्याची अगम्य चिन्हं होतात. वल्हं त्यांचं पुन्हा वाचता येईल असं मराठी करतं. आमचा कोड सर्वांना खुला आहे. कोणीही फुकट वापरावा, बघावा, सुधारून परत पाठवावा. सगळं काम स्वयंसेवक करतात.' शेवटच्या शब्दाच्या अनेकवचनाशी मी जरा थांबलो, पण पुढे गेलो.

तो फॉर्म बंगळुरूच्या एका संस्थेचा. अशा खुल्या प्रकल्पांच्या देखभालीला ती पैसे देते. नवं बांधायला नव्हे, आहे ते सांभाळायला. आठवतं, तू म्हणायचीस, पुतळ्याला देणगी मिळते, गटाराला मिळत नाही? तर ही संस्था गटाराला देते. मिळाले तर ऑफिसला आठवड्यातून तीनच दिवस जाईन, उरलेले दिवस 'वल्हं'. लोक जमवता येतील, त्यांना शिकवता येईल. आत्ता माझं कसं झालंय, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खातो आणि दुसऱ्या हाताने लोकांचे रफार बसवतो. गणपतीत गावी गेलो तर आरती चालू असताना फोन. सोडून द्यावं तर ते साप्ताहिक बंद पडेल. कोणाला द्यावं तर घेणारं कोणी नाही.

संस्थेची अट एकच. एका माणसाच्या जिवावर चाललेला प्रकल्प त्यांना नको. निदान दोघं सांभाळणारे हवेत, आणि दोघांनीही येत्या शुक्रवारी अकरा वाजता व्हिडिओवर त्यांच्यासमोर बसायचं.

म्हणून लिहितोय. अर्धा तास, फक्त. तू काही बोलू नकोस, मान हलवलीस तरी चालेल. अडला हरी... पुढचं तू म्हण, तुला तेवढा हक्क आहे.

हे उद्या सकाळी कुरिअरने टाकतो. मानसी ताट वाढून हाका मारतेय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पाकीट टाकलं नाही. काल बॅगेत घेऊन अंधेरीला गेलो आणि घेऊन परत आलो. आज गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे. मानसी आईला घेऊन तिच्या बहिणीकडे मुलुंडला गेली आहे, म्हणजे घरात सबब सांगायला कोणी उरलेलं नाही.

सोमवारचं पुन्हा वाचलं. त्यात दोन ठिकाणी मी खोटं लिहिलंय. एक मेलबद्दल, जिथे 'असो' म्हणून सटकलो. दुसरं काकींबद्दल.

आधी मेल. तुझा माझ्याकडे एकच पत्ता आहे, 'वल्हं'चा. त्यावर काही पाठवलं तर ते तुला येत नाही. मला येतं. तीन वर्षं येतंय. आणि तीन वर्षं मी त्याची उत्तरं देतोय, तुझ्या नावाने.

लिहिलं एकदाचं. उठून पाणी पिऊन आलो.

तुला बळवंतकाकांचा नियम आठवत असेलच, पण मला तो इथे लिहायला हवा, कारण सगळं तिथेच बिघडलं. आपण तुमच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसायचो आणि शेजारी तुझे बाबा जाळं सांधत असायचे. फाटलेला भाग सांधून झाला की ते स्वतः कधी ओढून बघत नसत. शेजारच्या धोंडिरामला हाक मारत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ज्यानं सांधलं त्यानं तानायचं नाय, दुसऱ्यानं तानायचं. आपल्या हाताला आपली गाठ घट्टच लागते." तू तिथल्या तिथे 'वल्हं'ला तो नियम लावलास. एकाने लिहायचं, दुसऱ्याने बघून मंजूर करायचं, त्याशिवाय स्वल्पविरामसुद्धा आत जाणार नाही.

तू गेलीस त्यानंतर आठव्या दिवशी कणकवलीहून फोन आला. कसल्याशा अपडेटनंतर त्यांचे सगळे रफार उडत होते आणि अंक दुपारी छापायला जायचा होता. दुरुस्ती मी दहा मिनिटांत केली. पण मंजूर कोण करणार? नियमच काढून टाकता आला असता, पण काका जाऊन दोनच महिने झाले होते, त्यांचा नियम काढायला हात होईना. तुझा पासवर्ड मला माहीत होता. लॅपटॉप बंद पडला तेव्हा तूच दिलेलास, तुमच्या होडीचं नाव आणि नंबर. मी तुझ्या नावाने आत गेलो, 'बघितलं, ठीक आहे' असं लिहिलं आणि मंजूर केलं. अक्कल बघ माझी. काकांचा नियम मोडू नये म्हणून मी तो मोडला.

एकदाच, असं म्हटलं होतं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती सांगताना मला माझी लाज वाटते. तुला माहीत आहे, मला नाही म्हणता येत नाही. कॉलेजात तीन-तीन जणांची जर्नलं लिहायचो. 'वल्हं'वर लोक काय वाटेल ते मागतात: हेही करा, तेही जोडा, आजच्या आज द्या, फुकट आहे म्हणून काय झालं. माझ्या नावाने मी 'बघतो, नक्की' लिहायचो. मग एक दिवस स्क्रीनवर तुझ्या नावाची खिडकी चुकून उघडी होती आणि मी तिथून लिहिलं, 'हे होणार नाही.' बस्स, एवढंच. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! माणूस गेलासुद्धा, वाद न घालता. तेव्हापासून तीच पद्धत पडली. गोड बोलायचं ते माझ्या नावाने, नकार सगळे तुझ्या नावाने. आणि नकार देता देता जीभ सैल होते. 'आधी नीट वाचायला शिका', 'आम्ही तुमचे नोकर नाही'. मला ऑफिसात जे बोलायचं होतं ते सगळं तू लोकांना बोललीस. काल मोजले, असे त्रेसष्ट नकार आहेत. लोक मला लिहितात, 'नितेशजी, तुम्ही किती समजूतदार, त्या बाईंबरोबर कसं काम करता?' यावर मी हसरा चेहरा पाठवलाय. दोनदा.

मानसीला हे गेल्या वर्षी कळलं. तिला वाटत होतं आपलं बोलणं चालू आहे. एकदा माझ्या स्क्रीनवर तुझं 'छान केलंस' वाचून ती म्हणाली, "मला सांगतोस दोन वर्षं तोंड बघितलं नाही, आणि इथे ती तुझी पाठ थोपटतेय?" खरं सांगितलं तर तिला पटेना. शेवटी तिच्यासमोर दोन खिडक्या उघडून मी स्वतःशी भांडून दाखवलं, तेव्हा पटलं. आधी ती खूप हसली. मग म्हणाली, "अरे, पण तिला विचारलंयस का तू?" मी म्हटलं विचारतो. बघतो, नक्की.

आता जयंतीबाईंचं. घाटकोपरच्या. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेल्या. गेल्या मार्चमध्ये त्यांनी दोनशे जोडाक्षरांचा तक्ता पाठवला, कुठल्या जुन्या फॉन्टमध्ये कोणतं जोडाक्षर कसं फुटतं त्याचा. हेमांगी, तो तक्ता बघून माझ्या अंगावर काटा आला होता. आपल्याला पाच वर्षांत जमलं नव्हतं ते या बाईंनी दोन महिन्यांत एका जुन्या संगणकावर केलं होतं. वर लिहिलं होतं, 'मला आणखी शिकायचं आहे. माझ्या तीन मैत्रिणीही येतील. आपण घाटकोपरला माझ्या घरी एकदा सगळे भेटू या का? हेमांगीताईंनाही आणा.'

हेमांगीताईंनाही आणा! मी कुठून आणणार होतो?

एक तिसरा माणूस आत आला की हेमांगी नावाची बाई नाही, हे आठ दिवसांत उघड झालं असतं. म्हणून मी तुझ्या नावाने लिहिलं, 'अर्धवट काम पाठवू नये. इथे शिकवणी चालत नाही.' जयंतीबाईंनी एका ओळीत माफी मागितली आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. मदत मिळत नाही म्हणून मी तीन वर्षं रडतोय, आणि मदत दाराशी आली तेव्हा मी तुला दारात उभं करून ती हाकलली.

आता काकी. रविवारी त्या सुरमई कापत होत्या आणि माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "पवईच्या हापिसात बोलावलं व्हतं पोरीला. सगला चांगला झाला. मंग तिथली बाई म्हनली, तुमी लोकांशी कशा बोलता ते आमी वाचलंय, आमाला नको. माझी पोर कुनाला उलटून बोलत नाय रं. तू तिच्यासंगती काम केलंस, तूच सांग. ती अशी हाय का?"

मी म्हटलं, "नाही काकी." आणि पिशवी घेतली. आणि त्यांनी पैसे घेतले नाहीत.

त्या सुरमईचा माझा तुकडा मी आईच्या ताटात सरकवला. आणि तरीही दुसऱ्या दिवशी बसून मी तुला शुक्रवारी मान हलवायला बोलावत होतो. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. तुझी नोकरी माझ्यामुळे हुकली हे कळल्यावर चोवीस तासांत मी तुझ्याकडे आणखी अर्धा तास मागितला.

आई आणि मानसी आल्या. बेल वाजतेय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ऑफिसला जाण्याआधी लिहितोय. हे पत्र आज साध्या पोस्टाने टाकेन, म्हणजे ते तुला शनिवार-सोमवारपर्यंत मिळेल. मुलाखत उद्या आहे. मुद्दाम. तुला यायचं नाहीये.

एक गोष्ट अजून राहिली आहे, आणि तिच्याभोवती मी दोन दिवस फिरतोय. आपलं भांडण.

तू जाण्याआधी एक शेवटची दुरुस्ती पाठवली होतीस. त्यात कोड नव्हताच. 'वल्हं'च्या पहिल्या पानावर चार ओळी घातल्या होत्या आणि सांभाळणाऱ्यांच्या यादीतून तुझं नाव खोडलं होतं. मी ती मंजूर केली नाही. नाकारलीही नाही. नुसती ठेवून दिली. तू फोन केलास. "नितेश, बाबा गेल्यापासून होडी माझ्या डोक्यावर आहे, आय एकटी पडलीय, मला नाय झेपत रे. आपण दमलोय असं सरळ लिहू या ना लोकांना. येतील कोणीतरी. नाहीतर निदान माझं नाव तरी काढ. काढशील ना?" मी म्हटलं, "काढतो ना यार, टेन्शन नको घेऊ." पुन्हा महिन्याने विचारलंस, तेव्हाही हेच. तिसऱ्यांदा तू चिडलीस, मी म्हटलं तू मला एकटं टाकून चाललीस, आणि तू फोन ठेवलास. लोकांना मी नेहमी सांगत आलो की हेमांगी सोडून गेली. तू सोडून गेली नव्हतीस. तू नीट निरोप घेत होतीस आणि मी तुला दरवाज्यातून बाहेर पडू दिलं नाही.

काल संध्याकाळी सगळ्यांसमोर लिहायला बसलो की हे असं असं झालं, ही माझी चूक. कबुली लिहून झाली, पहिल्या पानावर घालायला गेलो, आणि काय झालं असेल सांग? मंजुरी! दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय आत जाणार नाही. तुझ्या नावाने मी खोटं बोललो हे सांगण्यासाठीसुद्धा मला तुझ्या नावाने आत जावं लागणार होतं. मी हसलो. मानसी स्वयंपाकघरातून बघायला आली, इतका हसलो.

मग तुझी ती जुनी दुरुस्ती उघडली. तीन वर्षांत एकदाही उघडली नव्हती. तू लिहिलं होतंस:

'वल्हं दोन माणसं सांभाळत होती. दोघंही दमली आहेत. हे तुमच्या उपयोगाचं असेल तर हात लावायला या. कोणी आलं नाही तर ते हळूहळू बंद पडेल, आणि त्यात कोणाचा दोष नसेल.'

चारच वाक्यं. मी त्यात घाबरण्यासारखं काय बघितलं होतं, आता आठवत नाही.

आज सकाळी साडेसातला ती मी मंजूर केली. माझ्या नावाने. तीन वर्षांत खऱ्या दोन माणसांच्या हातातून आत गेलेली ही पहिली दुरुस्ती. तू सांधलीस, मी ताणून बघितली. गाठ पक्की होती गं.

यादीत आता एकच नाव आहे. संस्थेला लिहिलं, 'आम्ही दोघे नव्हतो. मी एकटाच होतो आणि दुसरं नाव खोटं वापरत होतो. उद्या येणार नाही.' आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी माझ्या नावाने नाही म्हटलं. कोणाला, तर जे पैसे द्यायला बसले होते त्यांना! त्रेसष्ट नकारांखाली एकेक करून लिहितोय, 'हा नकार आणि ही भाषा माझी आहे, हेमांगीची नाही.' तिथे उत्तर लिहायला मंजुरी लागत नाही. एकेचाळीस झाले. त्या पवईच्या ऑफिसला कोणाच्या नावाने लिहायचं ते मला माहीत नाही. सोबत सही केलेला वेगळा कागद ठेवलाय, त्यात सगळं आहे. तो कुठे द्यायचा की फाडायचा, ते तू ठरव. जयंतीबाईंना स्वतंत्र लिहिलंय. अजून उत्तर नाही, आणि ते यावंच असंही नाही.

पाकिटात एक छोटी चिठ्ठी मिळेल. तुझा नवा पासवर्ड. काल सेट करून एकाच कागदावर लिहिला, माझ्याकडे त्याची नक्कल नाही. तुझ्या नावाचं काय करायचं ते तू कर. सगळं पुसून टाकलंस तरी मला चालेल, आणि नाही म्हणणारा मी कोण?

मी सुटलो असं समजू नकोस. कणकवलीहून सकाळीच फोन आलाय, त्यांचा पहिल्या पानाचा मथळा फुटतोय. दुरुस्ती लिहून तयार आहे. बघायला कोणी नाही, म्हणून ती तिथेच पडून आहे. संपादकांना म्हटलं, कोणी येईपर्यंत हाताने टाइप करा. ते म्हणाले, "आमच्याकडे एक मुलगी आहे, तिला यातलं थोडं कळतं. तिने बघितलं तर चालेल का?" मी 'बघतो, नक्की' म्हणणार होतो. मग म्हटलं, "चालेल. मला शिकवावं लागेल. वेळ लागेल."

काकींना तू सांग किंवा नको सांगूस. मी रविवारी येऊन त्यांना स्वतः सांगणार आहे, आणि सुरमईचे पैसे देणार आहे. त्या मला काय बोलतील ते बोलू देत. आधीचं 'नाही काकी' तेवढं खरं होतं, हे मात्र त्यांना कळायला हवं.

उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होतो, पण तेही खोटं झालं असतं.

यापुढे एकाच नावाने,
नितेश